बुजवलेली बारव

शहाद्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात एक कोरीव बारव होती, आणि ती वडिलांचा जीव की प्राण होती. उन्हाळ्यात ते स्वतः उतरून गाळ काढत. एक दगड हलू देत नसत. सगळ्यात खालच्या पायरीशी, कोनाड्यात देवी होती. गुडघाभर पाण्यात उभं राहून तिला न्हाऊ घालायचं, मगच गावाने घागर बुडवायची, अशी रीत. ते काम माझ्या मोठ्या बहिणीकडे होतं.

स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. नारू घरोघरी होता. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा जंत डोकं काढायचा आणि माणसं तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढत बसायची. सरकारी डॉक्टर सांगून गेला, फोडांचे पाय पाण्यात बुडतात आणि तेच पाणी तुम्ही पिता. पायऱ्या बुजवा, वरून दोराने शेंदा. वडील त्याच्यावर खेकसले, "देवीना पानीमा रोग ऱ्हाई का?" गावाने माना डोलावल्या. शहाणपण आमच्याकडे नेहमी वरातीमागून येतं.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या गुडघ्यात नारू निघाला. ओढताना तुटला. पाय सुजला, पिकला, आणि गुडघा वाकला तो कायमचा. ठरलेलं लग्न मोडलं. मग वडिलांनी गाडीभर मुरूम आणून पहिली पाटी स्वतः पायऱ्यांवर ओतली. देवीला हात लावायला कोणी धजेना. ती खालीच राहिली. वडील रडत होते. बहिणीसाठी की देवीसाठी, ते मला कळेना, आणि त्यांचा भयंकर राग आला.

बऱ्याच वर्षांनी मी माहेरी असताना जुन्या वास्तू बघणारे एक साहेब आले. "असला ठेवा मातीत घालणारे अडाणी कोण?" ओट्यावर बसून त्यांनी विचारलं. मग म्हणाले, पायऱ्या मोकळ्या करू, देवी वर काढू, भोवती कुंपण घालू. वडिलांचा चेहरा उजळला. "खरंच निंघी का?" असं विचारता विचारता त्यांची नजर उंबऱ्याशी बसलेल्या बहिणीकडे गेली.

ती कापूस निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिले खाले. बसी ऱ्हावानं म्हंजे काय, तिले बी समजू द्या."

वडील उठले आणि साहेबांना हात जोडून म्हणाले, "या आते तुम्ही."