इंजिनाचा आवाज मी कमी केला

यशोदावहिनी शेवटचं बोलल्या ते इंजिनाशी. गिरणीच्या दाराची चौकट धरून त्या उभ्या होत्या. अंगात विषमज्वर. मी इंजिनाच्या पट्ट्याजवळून धावलो, पण त्यांचं लक्ष फिरत्या चाकाकडं. "आगं बया, चाललायस की रं तू!" म्हणाल्या, हसल्या आणि तिथंच उंबऱ्यावर बसल्या... दिवस मावळायच्या आत त्या गेल्या. या गोष्टीला आता महिना उलटला. लोक म्हणतात, आजारच वाईट होता. मला काही ते पटत नाही.

उंब्रजला आमची पिठाची गिरणी आहे. तिचं तेलाचं इंजिन वडिलांनी सांगलीहून जुनंच आणलेलं, माझ्यापेक्षा वयानं थोरलं. वडील गेले, लढाई लागली आणि दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचे यजमान, पलटणीबरोबर समुद्रापार गेला. गिरणी आम्हा दीर-भावजयीच्या गळ्यात पडली. हे इंजिन सुरू करणं म्हणजे रुसलेल्या जावयाला जेवायला बसवण्यासारखं. आधी त्याच्या लोखंडी डोक्याखाली रॉकेलची बत्ती धरायची, ते लालसर होईपर्यंत थांबायचं, मग एकानं तेलाचा पंप दाबायचा आणि दुसऱ्यानं ते मोठं चाक झोका देऊन फिरवायचं. मला दम निघायचा नाही. वहिनी पदर खोचून चाकाशी उभ्या असायच्या. "आवं भावजी, तुमचं डोकं लगीच तापतंय, त्याचं तापाय येळ लागतुया. दम धरा जरा!" चाकानं वेग घेतला, छपरावरच्या नळीतून पहिला ठोका निघाला, की अर्ध्या गावातल्या बायका दळणाच्या पाट्या उचलायच्या.

रॉकेल तेव्हा मापानं मिळायचं आणि लढाई संपली तरी ते काही सुटलं नाही. त्यामुळं इंजिन मध्येच बंद पडलं, तर डोकं गरम आहे तोवर दोघांनी मिळून ते पुन्हा फिरवायचं, म्हणजे बत्तीचं रॉकेल वाचायचं. वहिनींचा कान कायम त्या ठोक्यावर. ठोका थांबला की असतील तशा अंगण ओलांडून पळत यायच्या, कधी हात कणकेचे, कधी केस अर्धेच विंचरलेले. मी त्यांची नक्कल करायचो, त्याही हसायच्या.

त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा कराडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, काही झालं तरी उठू द्यायचं नाही, या तापात आतडं नाजूक होतं, चाललं-फिरलं तर फाटून जिवावर बेततं; आणि झोप मिळाली पाहिजे. इंजिनाची धडधड तर थेट त्यांच्या उशापर्यंत जायची. मला जीव नकोसा व्हायचा. सांगलीत एका गिरणीवर धुराची नळी जमिनीतल्या खड्ड्यात सोडलेली मी पाहिली होती. तसंच केलं. इंजिन थांबवलं, खड्डा खणला, नळी खाली वळवून त्यात सोडली, वर दगड रचले. शेजाऱ्याला चाकाशी उभं करून इंजिन पुन्हा लावलं, तर अंगणात नुसती कुजबुज. किती शहाणा मी! वहिनींना सांगायचं मात्र राहिलं. त्यांचा डोळा लागला होता, उठवायचं कशाला म्हणून... त्या जाग्या झाल्या, ठोका ऐकू येईना, आणि इंजिन बंद पडलं समजून माझ्या मदतीला उठल्या.

तार मिळून दादा पलटणीतून रजा घेऊन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी त्याला झालं ते सांगितलं. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो आत गेला, वहिनींच्या बाजेवर आडवा झाला. "लाव इंजन," म्हणाला. शेजाऱ्याला बोलावून मी इंजिन लावलं आणि येऊन खोलीच्या दारात उभा राहिलो. पलीकडं गिरणीत चाक जोरात फिरत होतं. दादा आढ्याकडं बघत पडून होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "लाव की गड्या. कवाधरनं वाट बघतुया."

त्याच दिवशी दगड उपसून मी नळी पुन्हा छपरावर चढवली. इंजिन अजूनही अधूनमधून बंद पडतं. ठोका थांबला, की चाकाला हात घालायच्या आधी मी अंगणाकडं बघत राहतो... आणि तेवढ्यात त्याचं डोकं निवून जातं.