शेततळ्यातला बाप्तिस्मा

वाळूजच्या कारखान्यात फिटर असलेल्या पुंजारामाची दारू प्रार्थनेनं सुटली. पुढं त्यानं नोकरीही सोडली आणि बजाजनगरात भाड्याच्या खोलीत भरणाऱ्या बाप्टिस्ट मंडळीचा पाळक झाला. तेव्हापासून खुलताबादजवळ शेती करणारा थोरला भाऊ काकासाहेब त्याच्याशी बोलेनासा झाला.

त्या उन्हाळ्यात मंडळीतली म्हातारी भागूबाई बाप्तिस्म्यासाठी अडून बसली. नळ कोरडे, टँकरवाला पिण्यापुरतंच पाणी देई.

"पास्टर, डोक्यावर तांब्याभर वता की," ती म्हणाली.

"आपल्यात पुरतं बुडावं लागतं, मावशी," पुंजाराम वैतागून म्हणाला. देवानं बोलावलं आणि कंबरभर पाणीसुद्धा दिलं नाही, याचा त्याला संताप येत होता. भावाच्या शेततळ्यात पाणी होतं. शेवटी मन मारून तो भावाच्या दारात गेला.

काकासाहेबानं ऐकून घेतलं. "म्हातारीसाठी तळ्यात उतर. पण घराचा उंबरा वलांडू नको. मायला लई रडवलंस तू."

"दादा, माय कशी हाय?"

"उतर म्हणलं ना!"

तळ्याच्या तळाशी अंथरलेला प्लास्टिकचा कागद पायाखाली निसटत होता. पुंजारामानं भागूबाईला धरून पाण्यात बुडवलं आणि वर काढलं. ती लेकरासारखी हसली. मंडळी बांधावर गाऊ लागली. पुंजारामाचं लक्ष मात्र घराकडं होतं. माय दारात आली. त्यानं हात वर केला, तेवढ्यात काकासाहेबानं तिला आत नेलं.

परतताना रिक्षात भागूबाईचं तोंड थांबत नव्हतं. पुंजाराम ओल्या कपड्यांत धुमसत बसून राहिला.