हातांचा फोटो

अर्ज भरून देतात त्या दुकानात आम्ही तिघंच होतो. मी, माझी नात कोमल, आणि कॉम्प्युटरपुढं बसलेला दुकानवाला राजू.

कोमलला कॉम्प्युटरची डिग्री करायची आहे. फी एक कंपनी भरणार, मग शिकून तिनं त्याच कंपनीत नोकरी करायची. अर्ज चार विद्यापीठांना, आणि चारही ठिकाणी तेच विचारलेलं, घरची हलाखी सांगा.

राजू म्हणाला, "आजी, पत्र्याचं घर लिहू?"

"स्लॅबचं आहे रे."

"मग हात पुढं करा. विड्या वळून काळे झालेत, फोटो लावू. बघणारा रडला पाहिजे."

मी हात पदरात घेतले. कोमल खाली मान घालून म्हणाली, "दे ना आजी. नाहीतर सीट जाईल."

दिले. पडद्यावर माझी बोटं मुसळाएवढी दिसली. मला ही हलाखी विचारणाऱ्यांची शिसारी आली. चाळीस वर्षं विड्या वळल्या मी. नवऱ्याचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी विडीच्या पानांचं सूप मांडीवर घेतलं. कारखान्यात चेकर यायचा, विडी सैल लागली की मोडून टाकायचा. माणूस वाईटच. पण घरी चूल पेटली का, असं त्यानं कधी विचारलं नाही. विडी बघायचा नि जायचा. ही शिकलेली माणसं मात्र आंबा दाबून बघावा तसं दुसऱ्याचं दुःख दाबून बघतात, किती पिकलंय ते.

तोच फोटो चारही अर्जांना लागला.

तुमच्यापुढं तो आला असेल, तर माझे हात बघू नका. कोमलचे गणिताचे मार्क बघा.