फोटो फुकट कशापायी?

लोकांना एखादी गोष्ट फुकट द्यायला निघालं की किस्से कसे साठत जातात, ते मला विचारा! संभाजीनगरात माझा फोटो स्टुडिओ आहे. गेली काही वर्षं दर रविवारी मी आणि रिफ्लेक्टर धरणारे शकीलभाई आसपासच्या गावांत जातो. म्हाताऱ्या माणसांचे पोर्ट्रेट काढायचे, फ्रेम करून घरपोच द्यायचे. एवढाच प्रोजेक्ट. पण 'एवढाच' यावर अजून एकाही गावानं विश्वास ठेवलेला नाही!

*

सुरुवात पडेगावातून केली. पारावरच्या एका काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणत्या पार्टीकडून?"

"कोणत्याच नाही, काका."

शकीलभाई मदतीला धावले. "चचा, कोई पार्टी नहीं. खाली फोटू!"

काका शेजाऱ्याकडं वळले. "तिकीट अजून फायनल नाय वाटतं!"

*

देवगाव रंगारीत एक आजी फोटोला बसल्या खऱ्या, पण रिफ्लेक्टरची चंदेरी चकती उघडताच ताडकन उठल्या.

"हे दवाखान्यातलं मशीन हाय व्हय? आतलं दिसतं का यात?"

"नाही हो आजी. ह्यानं नुसता उजेड पडतो. आतलं काही दिसत नाही."

"नक्की?"

"नक्की!"

आजी पुन्हा टेकल्या. "मंग काढ बाई. आत लई भरलंय."

*

पैठणला एक विणकर मावशी भेटल्या. सारा जन्म मागावर गेलेला. मला त्या मागासकट हव्या होत्या. मावशी "व्हय" म्हणाल्या, आत गेल्या, चादर आणली आणि अर्धी विणलेली पैठणी झाकून टाकली!

"मावशी, अहो तीच तर दिसायला हवी!"

"पदरावरचा मोर माझ्या डिझाईनचा हाय. माझं तोंड काढा, कितीबी काढा. तोंड कुणी चोरत नाय. मोर चोरतेत!"

फोटोत मावशी आहेत, आणि फुलाफुलांची चादर आहे.

*

एका घरी तयार फ्रेम घेऊन गेलो. सुनेनं हौसेनं भिंतीवर आधीच खिळा ठोकून ठेवला होता. आजोबांनी खिळ्याकडं बघितलं, मग सुनेकडं.

"फोटो यायच्या आधी खिळा! इतकी कशाची घाई झाली गं?"

खिळ्याला त्यांनी स्वतः कॅलेंडर अडकवलं. फ्रेम ट्रंकेत गेली, कुलुपात!

*

आणि हे दोघं भाऊ. थोरले दादाराव, धाकटे भानुदासराव. शेताला शेत लागून, मध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद.

दादारावांना शेतात, बांधावर उभं राहून फोटो हवा होता. मी कॅमेरा लावला तोच भानुदासराव पळत आले, मला म्हणाले, "त्यान्ला बांधावरून उतरवा! उद्या हाच फोटो कोर्टात दाखवतील!"

"मग घरी काढू या का, दादाराव?"

"अन् माझ्या माघारी त्यानं बांधावर काढला तर?"

अर्धा तास दोघंही माझ्याशीच भांडले. शेवटी तोड निघाली. दोघांनी एकदमच बांधावर उभं राहायचं, म्हणजे पुरावा कुणाचाच नाही! बांध अरुंद. भानुदासरावांचा पाय घसरला, त्यांनी थोरल्याचा खांदा धरला, आणि मी क्लिक केलं. दोन घरांत दोन फ्रेम पोचत्या केल्या.

वर्षभरानं भानुदासराव एकटेच स्टुडिओत आले. पिशवीतून फ्रेम काढून टेबलावर ठेवली.

"दादा गेला. तेराव्याला फोटो पायजे. त्याचा एकट्याचा एकबी नाय. मीच काढू दिला नाय ना." फ्रेममधल्या स्वतःवर बोट ठेवून म्हणाले, "यातून मला पुसता येईल का?"

मी कॉम्प्युटरवर फोटो उघडला. ते खुर्ची पुढं ओढून बसले. माझ्या कामावरही त्यांचा भरवसा नव्हता! "नीट पुसा. कायबी ऱ्हायला नाय पायजे."

टोपी गेली, चेहरा गेला, सदरा गेला. मी खांद्यापाशी आले.

"थांबा," ते म्हणाले. "हात ऱ्हाऊ द्या."