एक माणूस, एक नंबर

चालू गोष्टीला हात लावायची खोड मला पहिल्यापासून आहे. घरचा मिक्सर मी दोनदा खोलला, दोन्ही वेळा नवा आणावा लागला. बायको म्हणते, "तुमाला नीट चाललेलं बघवतच न्हाई." मी चिडतो, कारण ती खरं बोलते.

मी हिंगोलीत कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. काही वर्षांपूर्वी मी रक्तदात्यांची एक छोटी वेबसाइट केली. रक्तगट निवडला की त्या गटाची माणसं, त्यांचं गाव आणि मोबाइल नंबर दिसायचा. खाली अडचणीसाठी माझा नंबर. वेबसाइट माझी म्हणायची, पण नावं गोळा केली बायकोनं. गोरेगाव, जवळा बाजार, कनेरगाव नाका, जिथं रक्तदान शिबिर असेल तिथं ही टेबल टाकून बसायची, एकेकाला विचारून वहीत लिहायची. रविवारी मी ती नावं टाइप करायचो.

सगळी यादी एसक्यूलाइट नावाच्या साध्या डेटाबेसमध्ये होती. म्हणजे एकच फाइल, पेनड्राइव्हवर घालून खिशात टाकावी एवढीशी. बिचारीनं कधी कुरकुर केली नाही. तकलीफ एकच होती. दोन माणसं एकदम नाव भरायला लागली की एकाला 'डेटाबेस लॉक आहे' असं दिसायचं, आणि तेही वर्षातून एखाद्या वेळी. दोन ओळी बदलून भागलं असतं. पण माझ्या अंगात आलं होतं. मोठ्या वेबसाइटवाले वापरतात तो पोस्टग्रेस डेटाबेस आपल्याकडंही पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

"चालू हाय ना? मग काहून हात लावून राहिले?" बायकोनं विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो.

नव्या डेटाबेसमध्ये मी एक नियम घातला. मोबाइल नंबर हीच माणसाची ओळख. एक माणूस, एक नंबर. जुन्या फाइलमधली नावं नव्यात ओढताना तोच नंबर पुन्हा आला, तर ती नोंद डबल समजून सोडून द्यायची. एका दुपारीत काम उरकलं. नव्या यादीत नावं बरीच कमी भरली. मला काळजी वाटायला पाहिजे होती. मी खूश झालो! म्हटलं, बघा, केवढा कचरा साठला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर हे उदाहरण म्हणून शिकवलंसुद्धा. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढं काही महिन्यांनी, दुपारी जेवायला बसलो होतो, तेव्हा फोन आला. सेनगावकडचा माणूस, ट्रॅक्टर चालवणारा. हिंगोलीतल्या एका दवाखान्यात बायको बाळंत झाली होती, पोरगी झाली होती, आणि बाईचं रक्त थांबत नव्हतं. "सर, ओ निगेटिव्ह पायजे. इथं न्हाई म्हनतात. नांदेडहून पिशवी यायला लय येळ लागंल. तुमच्या यादीत कोनी हाय का?"

हात तसाच खरकटा घेऊन मी यादी उघडली. ओ निगेटिव्हची दोन नावं आली. एक पोरगा पुण्याला गेलेला. दुसऱ्यानं पंधरा दिवसांपूर्वीच रक्त दिलं होतं. तो येतो म्हणत होता, पण दवाखान्यानं त्याला नको म्हटलं. मी मोटरसायकल काढून दवाखाना, ब्लड बँक, पुन्हा दवाखाना अशा चकरा मारल्या, ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले. माझी बायको माहेरी होती. तिला मात्र लावला नाही. तिला कशाला, यादी तर माझ्या हातात होती.

नांदेडची पिशवी आली, पण बाई दिवस मावळायच्या आत गेली. लेकरू वाचलं.

त्यानंतर आठवड्याभरात पुढच्या शिबिराचे मेसेज यादीतल्या सगळ्यांना पाठवले. गोरेगावच्या पिठाच्या गिरणीवाल्यांचा फोन आला. "सर, औंदा माझ्या एकट्याच्याच नावाचा मेसेज आला. बाकीच्यायच्या नावाचे काहून न्हाई? सगळे माझ्याच नंबरवर तर हायेत."

जुनी फाइल शोधून उघडली. गिरणीवाल्यांच्या नंबरवर अकरा नावं होती. गावात हे नेहमीचंच. कुणाचं रिचार्ज संपलेलं, कुणाकडं फोनच नाही, मग ज्याचा फोन कायम चालू त्याचा नंबर द्यायचा, आणि निरोप बराबर पोचायचा. नव्या यादीत त्यातलं पहिलं एक राहिलं, खुद्द गिरणीवाल्यांचं. गळालेल्या दहांत चौथं नाव गिरणीवर पोती उचलणाऱ्या गड्याचं. रक्तगट ओ निगेटिव्ह.

बायकोला फाइल दाखवली. तिनं गड्याच्या नावावर बोट ठेवलं. "ह्याला मी वळखते. दोनदा हिंगोलीला येऊन रक्त देऊन गेला हा." मग रडायलाच लागली. "मला इचारायचं तरी हो. एकदा तरी इचारायचं."

त्या रात्रीच नव्हे, पुढचे कित्येक दिवस मी स्वतःशी वाद घातला. रक्त वेळेवर मिळालं असतं तरी ती वाचलीच असती असं कोण सांगणार, असं स्वतःला समजावत होतो. समजावणं काही जमलं नाही.

तेरवी झाल्यावर तो ट्रॅक्टरवाला सकाळी दारात उभा. "सर, माझं बी नाव लिहून घ्या यादीत. त्या दिवशी तुमी लय धावपळ केली."

धावपळ! मी त्याला आत बसवलं, चहा दिला आणि सगळं सांगितलं. डेटाबेस वगैरे शब्द तोंडातून निघेनात. म्हटलं, यादी बदलताना माझ्या चुकीनं नावं गळाली.

"म्हंजे नाव होतं?"

"होतं."

"आन् मानूस?"

"गोरेगावातच होता. गिरणीवर."

"किती येळात आला असता?"

"तासाभरात."

त्यानं चहाला हात लावला नाही. मला वाटलं, आता शिव्या देईल, गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. तो उठला, चपला घातल्या, आणि दारात थांबला.

"त्या गिरणीवरच्याला सांगितलं का हे?"

"नाही अजून."

"सांगू नका. त्याच्या जिवाला उगं घोर लागंल. त्याचं काय चुकलं?"