दोन बोटांचे आभार

चायनीज म्हणजे पुंडलिकनगरच्या चौकातली लाल गाडी, अशी आमच्या घराची समजूत होती. संध्याकाळी तिथं कढई आदळायला लागली की अख्ख्या गल्लीला ठसका लागायचा, आणि आमचे हे गॅलरीत उभे राहून म्हणायचे, "लई मिरची जाळतोय गडी. सांग बरं एक प्लेट." यांना तिखट लागायचं. भाकरीवर ठेचा घेऊन कपाळावर घाम आल्याशिवाय जेवण झालंय असं यांना वाटतच नसे. चीनच्या दक्षिणेला एक मुलूख आहे, तिथली माणसं सकाळी उठून वाफवलेलं, मऊ, बिनतिखटाचं खातात आणि त्यावर चहा पीत गप्पा मारत बसतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. तो मुलूख नकाशावर पट्टीनं दाखवला. पण तिथं काय खातात याची चौकशी कधी केली नाही, कारण गरज पडली नव्हती. गरज पडली ती यांची जीभ कापल्यावर.

हे वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर होते आणि गुटख्याची पुडी खायचे. मी भांडले, अबोला धरला, सापडतील त्या पुड्या मोरीत ओतल्या. त्यानं काय फरक पडला ते सांगायला नकोच. निम्मी जीभ गेली, जबड्याचा तुकडा गेला, नंतरच्या किरणांनी तोंडातली लाळ आटली. बोलणंही गेलं. लग्नाच्या पंगतीत कमरेला उपरणं बांधून उभा राहणारा, वाढप्यांवर ओरडणारा, 'आमच्या घरची शपथ' घालून पाहुण्याच्या पानात जिलबी टाकणारा हा माणूस. आता यांच्या घशातून जो आवाज यायचा तो मला समजायचा, मुलीला निम्मा समजायचा, आणि बाकीच्यांना समजत नाही हे यांना समजायचं. म्हणून यांनी तोंडच मिटलं.

डॉक्टर म्हणाले, वजन उतरू देऊ नका. तोंडावाटे पोटात गेलं तर बरं, नाहीतर पोटाला छिद्र पाडून नळी घालावी लागेल. यांनी अशी मान हलवली की डॉक्टरांनी पुढचं बोलणं गिळलं. घरी आल्यावर यांनी मोठ्या कष्टानं एकच शब्द काढला. जनावर. गावाकडं आजारी बैलाचा जबडा वर धरून यांचे वडील बांबूच्या नळ्यानं औषध ओतायचे, ते यांनी लहानपणी बघितलं होतं. मला तेवढ्या एका शब्दात सगळं कळलं.

मग आमच्या घरात मिक्सर सुरू झाला तो थांबेना. वरण-भात मिक्सरमध्ये, खिचडी मिक्सरमध्ये, भाजी मिक्सरमध्ये, आणि सगळ्याचा रंग एकच. हे वाटी घेऊन ओट्याशी भिंतीकडं तोंड करून उभ्यानं खायचे, कारण तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ यायचा. दोन घास गेले की ठसका, आणि वाटी खाली. लोक भेटायला यायचे, केळी आणायचे आणि "देवाच्या मनात असलं तर..." असं म्हणत आमच्या हातचा चहा पिऊन जायचे. देवाच्या मनात काय होतं ते आम्हांला रोज वजनकाट्यावर दिसत होतं. मला त्या केळ्यांचा राग यायचा. सगळ्याचाच यायचा.

मुलगी पर्यटकांना लेणी दाखवण्याचं काम करते. पूर्वेकडच्या देशांतून बौद्ध यात्रेकरू येतात, त्यांना ती एक दिवस वेरूळला नेते आणि एक दिवस फर्दापूरमार्गे अजिंठ्याला. या मंडळींसाठी जालना रोडवरच्या एका हॉटेलनं रविवारी सकाळी कँटोनीज, म्हणजे त्या दक्षिणेकडच्या मुलखातला, नाश्ता सुरू केला होता. आचारी नेपाळचा, पण हाँगकाँगात राहून आलेला. मुलगी म्हणाली, "आई, तिथं सगळं वाफेवरचं असतं. मऊ, निसरडं, तिखटाचा पत्ता नाय. पप्पांना जाईल."

हे यायला तयार नव्हते. चारचौघांत बसून ओघळ पुसायचा, त्यापेक्षा उपाशी बरं, असं यांचं मत होतं. मुलगी चिडून म्हणाली, "तिथं तुम्हांला ओळखतंय कोण?" तेवढं एक कारण पटलं.

हॉल मोठा होता, गोल टेबलं होती आणि कलकलाट एवढा की आठवडी बाजार बरा. म्हातारे यात्रेकरू तोंडात घास ठेवून बोलत होते, फुर्र करून पेज ओढत होते, हाडकं सरळ बशीत टाकत होते. आमच्यापुढं बांबूच्या झाकणाच्या छोट्या टोपल्या एकावर एक येऊन बसल्या. झाकण काढलं, वाफ गेली, आणि मला नागपंचमीची दिंडं आठवली. आमच्याकडं त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं वाफवतात. तशीच घडी, फक्त पारी इतकी पातळ की आतली कोळंबी गुलाबी दिसत होती. मग तांदळाच्या पिठाची एक ओली, लांबट गुंडाळी आली. मुलीनं चमच्यानं तिचे तुकडे केले. यांनी एक तोंडात ठेवला. मी टेबलाखाली माझाच पदर घट्ट धरून बसले होते.

तो तुकडा गेला. ठसका आला नाही. यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला, मग चमचा बाजूला ठेवून हातानंच खायला लागले. ओघळ आला तो रुमालानं पुसला. समोरच्या टेबलावरच्या एका आजीनंही तोंड पुसलं आणि पुन्हा खायला सुरुवात केली. कोणी बघत नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हे माणसांकडं तोंड करून जेवत होते, आणि मला तिथं टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं.

चहा मात्र भयंकर होता. बिनदुधाचा, बिनसाखरेचा, वाळक्या पानांचा वास असलेला. कप एवढेसे. आणि त्या कपांवरून घोटाळा झाला. आमच्याकडं पाहुण्यानं कपात चहा शिल्लक ठेवला तर घरच्या बाईचा अपमान, म्हणून हे घसा दुखत असतानाही कप संपवायचे. तिथल्या रीतीत पाहुण्याचा कप रिकामा दिसला तर यजमानाची लाज, म्हणून वेटर लगेच भरायचा. हे संपवायचे, तो भरायचा. दोन्ही बाजूंनी सभ्यपणा चालला होता आणि मध्ये बिचारा यांचा घसा. शेवटी यांनी माझ्याकडं असं बघितलं की मुलीला हसू आवरेना. "पप्पा, नको असेल तर भरलेला राहू द्या! रिकामा केला की ते भरणारच." हेसुद्धा हसले. वाकड्या जबड्यानं, आवाज न करता, पण हसले.

मग मुलीनं दुसरी रीत दाखवली. तिथं आपला कप आधी भरत नाहीत, दुसऱ्याचा भरतात. आणि ज्याचा भरला तो टेबलावर दोन बोटं हलकेच वाजवतो. त्याचा अर्थ आभार. "तोंडात घास असतो ना, बोलायचं कसं? म्हणून बोटं." तिनं यांच्या कपात चहा ओतला. यांनी उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर टेकवली. टक टक. मग वेटरनं टोपली ठेवली, त्यालाही टक टक. मी बशीत तुकडा वाढला, मलाही टक टक. ज्या टेबलांवर सगळेच बोटांनी बोलतात तिथं हे कोणापेक्षाही कमी नव्हते.

मला ते आवडलं नाही. आपल्यात घरच्या माणसाचे आभार कोण मानतं? मुलगी लहानपणी शाळेतून शिकून येऊन मला थँक्यू म्हणाली तेव्हा मी तिला विचारलं होतं, परकी झालीस का गं? आभार शेजाऱ्याचे, नाहीतर व्यासपीठावरच्या पाहुण्यांचे. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी कधी मानले नाहीत आणि मी त्याची वाट बघितली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी घरी मी पेजेची वाटी पुढं केली आणि ओट्यावर टक टक झाली, तेव्हा मी तडकले. "बंद करा ते. मी काय वेटर आहे व्हय?" यांनी मुद्दाम जोरात वाजवली. मग दिवसभर तेच. पाणी दिलं, टक टक. पंखा लावला, टक टक. मला छळण्याचं एक साधन यांच्या हाती लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत घरात थोडा जीव आला होता.

आम्ही रविवार चुकवेनासे झालो. मी घरीही ताटलीत पातळ पीठ ओतून वाफेवर ती गुंडाळी करायला शिकले. ती फाटायची, चिकटायची, आणि हे फाटकी खायचे. वजनाचा काटा हलेना, म्हणजे खाली जाईना. मी मिक्सर वरच्या फळीवर ठेवून दिला. आपण यातून बाहेर पडणार, असं मला वाटायला लागलं. कशाच्या जोरावर वाटत होतं कोण जाणे.

मग ठसका परत आला. कानाखाली गाठ आली. डॉक्टरांनी कागद वाचला आणि माझ्याकडं न बघता मुलीकडं बघून बोलायला सुरुवात केली, तेव्हाच मी समजले. आता पुन्हा कापण्यासारखं काही नव्हतं. किरणं देऊन झाली होती. तोंडावाटे काही द्यायचं नाही, चहासुद्धा नाही, ते फुप्फुसात जाईल. नळी घालू, म्हणाले. मी यांच्या त्या मान हलवण्याची वाट बघत होते. यांनी होकार दिला. इतका लहान होकार की डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. नाही म्हणायलाही अंगात ताकद लागते, आणि ती संपली होती.

त्यानंतर जेवण म्हणजे मी. पावडरीचं दाट दूध नळीला लावलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये ओतायचं, हात उंच धरायचा, ते आपोआप खाली जायचं. हे छताकडं बघत पडून राहायचे. ना चव, ना वास, ना घास. एका जिवंत माणसात मी असं अन्न ओतत होते आणि माझं मन रोज सांगत होतं की हे त्याला नको होतं. ओतून झालं की पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोन बोटं वाजायची. टक टक. आता त्यात चेष्टा नव्हती. आपल्यात घरच्यांचे आभार का मानत नाहीत ते मला तेव्हा कळलं. शाळेच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन सगळ्यात शेवटी असतं. ते झालं की लोक उठतात आणि सतरंज्या गुंडाळल्या जातात.

एका रविवारी सकाळी यांनी स्वतः कपाट उघडून पांढरा शर्ट काढला. मी म्हणाले, "कुठं निघालात? तिथं जाऊन करणार काय? लोक खाणार अन्‌ तुम्ही बघणार?" यांनी शर्टाची बटणं नळीवरून लावली आणि दारात जाऊन उभे राहिले. मुलीनं गाडीची किल्ली घेतली.

तेच टेबल, तोच कलकलाट. मुलीनं सवयीनं ती गुंडाळी मागवली आणि मग जीभ चावली. टोपल्या आल्या. कोणीच झाकण काढलं नाही. यांनी आपला कप बशीत पालथा घातला, किटली दोन्ही हातांनी ओढली आणि मुलीच्या कपात चहा ओतला. तिनं बोटं वाजवली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. मग माझ्या कपात ओतला. आणि किटली तशीच धरून माझ्या हाताकडं बघत राहिले.

मी बोटं वाजवली नाहीत. मी कप उचलला आणि तो कडू, जाळणारा चहा एका दमात संपवला. कप रिकामा झाला म्हणजे यांना भरावा लागणार. यांनी भरला. थोडा टेबलक्लॉथवर सांडला. मी तोही संपवला. यांनी पुन्हा भरला, आणि यांचे डोळे पंगतीत आग्रह करताना असायचे तसे झाले, 'अजून एक, माझ्यासाठी एक.' किटली संपली तेव्हा तिथल्या रीतीप्रमाणं यांनी तिचं झाकण तिरकं ठेवलं, वेटर येऊन गरम पाणी भरून गेला, आणि आमचं पुन्हा सुरू झालं. जीभ पोळली होती. मुलगी हळूच म्हणाली, "आई, बास कर. त्यांचा हात दुखतोय."

खरंच दुखत होता. कोपर टेबलावर टेकवून यांनी किटली तोलली होती. यांना काय हवं होतं ते मला पहिल्या कपापासून माहीत होतं. मी दोन बोटं टेबलावर टेकवली आणि वाजवली. यांनी ते नीट बघितलं, मान डोलावली आणि किटली खाली ठेवली.

मी घाईघाईनं कप रिकामा केला आणि पुन्हा यांच्यापुढं सरकवला.