बदलीवाल्यांची ट्रंक

आज जयपुरातल्या मालवीय नगरच्या घरात स्वेटर बाहेर काढले आणि डांबरगोळ्यांचा वास आला. त्यासरशी मी पुन्हा चौदा वर्षांची झाले आणि रेल्वे कॉलनीतल्या इंगळेकाकूंच्या व्हरांड्यात जाऊन बसले.

तिथे डांबरगोळ्या घातलेली एक पत्र्याची ट्रंक होती. जयपूरहून बदली झालेलं मराठी कुटुंब सामान हलकं करताना आपली पुस्तकं तिच्यात ठेवून जायचं. भुसावळवाल्यांचं मधमाशीपालन, नागपूरवाल्यांचं धम्मावरचं पुस्तक, शिवणकाम, रहस्यकथा, ताऱ्यांचे नकाशे, सगळं एकावर एक. मी हिंदी शाळेतली, मराठी ओळीवर बोट ठेवून वाचणारी. पण बसले ती उठेचना.

बाबा न्यायला आले. "मधमाश्या? मतलब, परीक्षेत येणार आहेत का या?" त्यांनी पुस्तक ओढलं. "एक विषय धर. बाकीचं सोड."

"नाही सोडणार. ही सगळी वाचणार मी," मी पुस्तक परत ओढलं. त्याचं कव्हर फाटलं, तरी सोडलं नाही.

बाबा रागावलेत असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, ते घाबरले होते. दर तीन वर्षांनी बदलीपायी घरचं सामान बांधून उचलणाऱ्या माणसाला जास्तीचं सगळं ओझंच वाटणार.

तरी माघार मी आजही घेत नाही. काल लेकीच्या कोचिंगच्या सरांचा फोन आला, जाळं विणणाऱ्या कोळ्यांच्या पुस्तकावरून. "मॅडम, आपकी बेटी क्लास में मकड़ियों की किताब पढ़ती है. वो तो सिलेबस में है ही नहीं!"

म्हटलं, "इसीलिए तो मैंने दी है, सरजी."